गुरुवारची सुट्टी, शुक्रवारचं गाणं

भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत कितीतरी छोट्या कारखान्यांना सुट्टी असते ती गुरुवारी. जगभरची नवी गाणी मात्र जुलै २०१५ पासून शुक्रवारी बाहेर पडतात. रेकॉर्ड कंपन्यांनी देशोदेशींचे वेगवेगळे वार मोडून एकच वार ठरवला, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर शनिवार-रविवार मोकळा असलेला श्रोता होता. दिवसा सीएनसी मशीन चालवून रात्री गाणी लिहिणाऱ्या चिखलीतल्या पोराला हा मेळ वरवर सोयीचा वाटतो. सुट्टीच्या दिवशी सगळी तयारी करायची, रात्री बाराला गाणं सोडायचं आणि सकाळी फर्स्ट शिफ्टला पोचायचं. पण मग गाण्याच्या पहिल्या दिवसाचे आठ तास तो गाण्यापाशी नसतोच. चाकणच्या बऱ्याच प्लांटमध्ये फोन गेटवर लॉकरला जातो, नाहीतर कॅमेऱ्यावर स्टिकर बसतो.

या पट्ट्यात स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतःच गाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. रॅपवाले जास्त, गिटारवाले थोडे, आणि ज्यांना कुणी 'इंडी' म्हणत नाही असे भीमगीतं नि भजनं रचणारे त्याहून जुने. त्यांची गाणी बरीच ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की त्यांना कमी पडते ती हुशारी नव्हे. गाणं कुणाला ऐकवायचं, हेच ठरलेलं नसतं.

आधी त्यांचा गुरुवार पाहू. खोली वन रूम किचन, भिंतीला गोधडी टांगलेली, पंखा बंद. खाली टेम्पो रिव्हर्स घेत असतो, त्याचं पिपाणं थांबलं की टेक घ्यायचा. बीट यूट्यूबवरून भाड्याने घेतलेला, आणि तोच आणखी पन्नास जणांनी घेतलेला असू शकतो. त्यातल्या एखाद्याने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवलं की याच्या गाण्यावर क्लेम येतो, आणि पैसे भरूनही चोर हाच ठरतो. आवाज झाला की कव्हर, प्री-सेव्हची लिंक, लिरिक व्हिडिओ. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि गाण्याबद्दलचं सगळं म्हणणं पाचशे अक्षरांत बसवावं लागतं. मग मीम पेजवाल्यांशी रेटची घासाघीस. मग कंपनीच्या बसच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, मामाच्या लग्नासाठी काढलेल्या नि अजून बंद न झालेल्या ग्रुपवर 'भावा, सपोर्ट कर'. मग एकाच कडव्याच्या पाच रील. तिसऱ्या रीलपाशी फोनवर दुसऱ्याचीच रील लागते आणि संध्याकाळ होते. गाण्याला सगळ्यात कमी वेळ मिळाला, हे त्याच्या लक्षात येतं, पण पुढच्या गुरुवारीही तसंच घडतं.

याचे परिणाम गाण्यात ऐकू येतात. तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, रीलला पंधरा सेकंद पुरतात. त्यामुळे सुरुवातीचं वाद्यसंगीत गेलं, मुखडा पहिल्याच ओळीला आला आणि अंतरा हा मुखडा परत येईपर्यंत काढायचा वेळ झाला. श्रीनिवास खळ्यांच्या चालीत अंतरा तुम्हाला भलतीकडे नेऊन आणतो, आणि परतल्यावर तोच मुखडा वेगळा वाटतो. इथे तसं कुठे जाणंच नाही. आखूडपणाशी माझं भांडण नाही. अभंगही आखूडच असतो. पण अभंगात शेवटी काहीतरी उघडतं, आणि ही गाणी पहिल्याच ओळीत संपलेली असतात.

अभंग काढलाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो. एकीकडे देहू, दुसरीकडे आळंदी, मध्ये हा कारखान्यांचा पट्टा. तुकोबांचं नाव शेवटच्या चरणात ओवलेलं असतं. वही बुडाली तरी लोकांच्या तोंडी गाणं आणि गाणाराचं नाव बरोबरच राहिलं. शाहिरांनी आणि लावणीकारांनीही तेच केलं. आजच्या पोराचं गाणं पंधरा सेकंदांत कापलं जातं आणि त्याचं नाव 'ओरिजिनल ऑडिओ' या दोन शब्दांखाली गाडलं जातं. रॅपवाले पहिल्याच ओळीआधी आपलं नाव का ओरडतात, ते कळतं. त्यांना उगाच हसू नये.

खरी तक्रार आशयाची आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली १९५४ साली, मग टेल्को, बजाज, आणि पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा. सत्तर वर्षं होऊन गेली. गिरणगावाला अण्णाभाऊंची 'मुंबईची लावणी' मिळाली, नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' मिळालं. या पट्ट्याचं तसं गाणं माझ्या ऐकण्यात नाही. इथलं रॅप मुंबईच्या गल्लीतून किंवा पुण्याच्या ताडीवाला रोडवरून उचललेलं असतं. ताडीवाला रोडच्याच एमसी स्टॅनने आपली वस्ती, आपली बोली गाण्यात आणली आणि २०२३ मध्ये 'बिग बॉस'ही जिंकलं. इथल्यांनी त्याच्याकडून साखळ्या घेतल्या, वस्ती घेतली नाही. गाण्यात कोयते, भाईचा बर्थडे, काळी काच. तळेगाव चौकातला जाम नाही, कंत्राट संपण्याच्या आदल्या दिवशीचा सुपरवायझर नाही, लातूरहून आलेल्या तिघांनी पाळीपाळीने वापरलेली एक गादी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली, भंगाराची गोदामं आणि लहान वर्कशॉप मिळून. मी पाहिलेल्या त्या पाडापाडीच्या रीलांना एकजात दाक्षिणात्य सिनेमाचं पार्श्वसंगीत होतं. शेजारीच गाणी लिहिणारे राहतात, पण त्यातल्या कुणाला हा आपला विषय वाटला नाही.

उलट जी गाणी ऐकायची आपल्याला लाज वाटते, ती मला जास्त पक्की वाटतात. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावात बैलगाडा शर्यती २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ च्या न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर बैलांवरची गाणीही जोरात आली. जमिनीचे पैसे आलेला मालक आपल्या बैलावर गाणं करून घेतो, रोख पैसे देतो. त्यात घाटाचं, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीचं, नाव येतं, बैलाचा रंग येतो, कांड्याला जुंपलेली जोडी येते, भिर्रर्र येतं. ऐकणारा कोण आणि तो कुठे चुकीला पकडेल, हे लिहिणाऱ्याला चोख ठाऊक असतं. बैल चुकीच्या घाटात पळवला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. तेच एप्रिलमधल्या भीमगीतांचं. फुले-आंबेडकर जयंतीच्या दिवसांत पिंपरीत महापालिकेचं विचार प्रबोधन पर्व असतं. समोर बसलेल्या बायाबापड्यांना बाबासाहेबांचं चरित्र तोंडपाठ असतं, तिथे ढिसाळ ओळ खपत नाही. मालकाच्या किंवा मंडळाच्या पैशाने लिहिलेलं गाणं नेमकं आणि स्वतःच्या मनाने लिहिलेलं गाणं मोघम, ही स्थिती विचित्र आहे खरी. चापलुसीचं गाणं ते चापलुसीचंच, हेही कबूल. पण कारागिरी त्यात आहे.

नेमकेपणा बाजारात चालत नाही, असंही नाही. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने स्वतः लिहून गायलेली 'गुलाबी साडी' देशभर वाजली. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांची 'तांबडी चामडी' मराठी शब्द न पुसता परदेशी नाचघरांच्या ठेक्यावर चढली. दोन्ही माझ्या आवडीची गाणी नाहीत. पण तिघांनीही आपली मराठी दुसऱ्या कुणासाठी धुऊन घेतली नाही, हे मान्य करावं लागतं.

पैशाचं गणित थोडक्यात. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत, तर त्याची रॉयल्टी मोजलीच जात नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं पाहणं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. म्हणजे दिवसभर केलेल्या प्रसिद्धीचं फळ बहुतेकांना शून्य रुपये. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, तो वसूल करायला आयपीआरएस ही संस्था आहे. इथल्या ज्या पोरांशी मी बोललो, त्यांना मीम पेजचे रेट पाठ होते, आयपीआरएस ठाऊक नव्हती.

याआधीच्या वाटा काही सोप्या नव्हत्या. आळंदीची कार्तिकी गायकवाड २००९ साली 'सारेगमप'च्या लिटिल चॅम्प्समधून घराघरांत पोचली. तिथे वाहिनीची मेहेरबानी आणि एसएमएसचा पाऊस दोन्ही लागे. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून नाट्यगृहा-नाट्यगृहांत नेलं आणि समोरच्या खुर्चीतला माणूस कुठल्या ओळीला हलतो, ते पाहून कार्यक्रम बांधत नेला. स्वतःच्या कविता स्वतः गाणाऱ्याला मराठीत श्रोता आहे, हे त्यांनी तिकीट लावून दाखवलं. रीलवाल्याला व्ह्यू दिसतो, माणूस कुठे चुळबुळला ते दिसत नाही. म्हणून तो सहावी रील करतो, दुसरा खर्डा करत नाही.

या पोरांना असा समोर बसलेला श्रोता मिळवून देणं शहराला करता येण्याजोगं आहे. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह, सांगवीचं निळू फुले नाट्यगृह, सगळी महापालिकेची. २०१६ चं साहित्य संमेलन इथे झालं, शंभरावं नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये इथेच झालं. पण एका गिटारवाल्या पोराला ही नाट्यगृहं अंगाने मोठी आणि भाड्याने भारी. त्याला हवी शंभर खुर्च्यांची खोली, दोन माइक आणि गुरुवारची संध्याकाळ. महापालिकेच्या स्वरसागर महोत्सवात नामवंत येतातच, त्याच मांडवात एक संध्याकाळ या पोरांना द्यावी, आणि अट एकच ठेवावी, गाणं पूर्ण म्हणायचं, अंतऱ्यासकट.