लिहिणारे खूप, लिहून घेणारे थोडे

मराठीत आत्मकथनं सध्या भरपूर निघतात. निवृत्त अधिकारी लिहितात, शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष लिहितात, डॉक्टर, उद्योजक, कारखान्यांचे माजी संचालक लिहितात. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात प्रकाशन होतं, आलेल्या पाहुण्यांना प्रत भेट मिळते आणि बहुतेक वेळा पुस्तकाचा प्रवास तिथंच थांबतो. ही पुस्तकं मी आस्थेनं वाचतो, कारण जगलेलं आयुष्य खोटं नसतं. पण वाचून झाल्यावर माणूस हाती लागत नाही, त्याचा बायोडाटा लागतो. गरिबीतलं बालपण, देवासारखे भेटलेले गुरुजी, जिद्दीनं घेतलेलं शिक्षण, पदं, पुरस्कार, मंत्र्यांबरोबरचे फोटो, शेवटी ऋणनिर्देश. पत्नीचं सगळं आयुष्य ‘तिची मोलाची साथ लाभली’ या एका वाक्यात मावतं. गड्याचं, सालगड्याचं, भाकरी देणाऱ्या शेजारणीचं नावही येत नाही. आणि लेखकाची बोली मुद्रितशोधकाच्या हाताखालून जाताना इतकी गुळगुळीत होते की, तो धाराशिवचा की धुळ्याचा, हे ओळखू येऊ नये.

तरीही आपली गोष्ट पुस्तकात लिहिण्यासारखं मोलाचं काम थोडंच असेल, असं माझं मत आहे. अडचण आहे ती कोणाची गोष्ट लिहिली जाते आणि कोणाची राहून जाते, यात. हे सांगायला मी अणदूरचं उदाहरण घेतो.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की अणदूर लागतं. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातलं हे गाव खंडोबाचं. देवाची मूर्ती एकच, पण मंदिरं दोन. वर्षातला बराचसा काळ देव अणदुरात असतो आणि मार्गशीर्षाच्या सुमारास नळदुर्गजवळच्या मैलारपूरला जातो. देव हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. देव कधी येणार, कधी जाणार, हे कागदावर येतं, त्यावर सह्या होतात. लिहिलेल्या शब्दाचं वजन या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

माणसांच्या वाट्याला मात्र तो कागद फारसा आलेला नाही. या भागानं काय काय पाहिलं आहे! १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत इथं निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू आणि घरात मराठी किंवा कन्नड बोलत एक पिढी वाढली, रझाकारांच्या काळात अनेकांनी गाव सोडून सोलापूरच्या हद्दीत आसरा घेतला. निजामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आल्या, अनंत भालेरावांनी त्या संग्रामाचा इतिहास मराठीत लिहिला. नेत्यांची आणि संघटनेची बाजू त्यामुळे टिकली. पोटाशी पोर बांधून रातोरात सीमा ओलांडणाऱ्या बाईची बाजू तिच्या तोंडून कितीशी उतरली? पुढं ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यावर अहवाल निघाले, अभ्यास झाले. ज्यांनी आपल्या हातांनी माणसं उकरून काढली, त्यांच्या लेखणीतून किंवा तोंडून आलेली पुस्तकं त्या मानानं मोजकीच.

आणि अणदूरची खास म्हणावी अशी गोष्ट भारतवैद्य बायकांची आहे. नव्वदच्या दशकापासून डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं अणदुरात राहून आसपासच्या खेड्यांत आरोग्याचं काम उभं केलं. त्याचा कणा होत्या गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायका. त्यांना साधे आजार ओळखायला, औषध द्यायला, गरोदर बाईची तपासणी करायला, कुपोषित मूल हेरायला शिकवलं गेलं आणि नाव दिलं ‘भारतवैद्य’. ज्या बाईला सासरी चारचौघांत बोलायची परवानगी नव्हती, तिनं गावाची नाडी हातात घेतली. कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या पोरीचं चौदाव्या वर्षी लग्न ठरलंय, कुणाच्या घरी तिसऱ्या मुलीनंतर चूल पेटली नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? या कामावर लेख आले. पण भारतवैद्य बाईनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘मी’ म्हणून सांगितलेलं पुस्तक मराठी वाचकांच्या घराघरांत पोचायला हवं होतं, तसं पोचलेलं नाही. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी जामखेडच्या आपल्या आरोग्य प्रकल्पावर १९९४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात गावच्या आरोग्यसेविका भेटतात आणि पुस्तकाचा तोच भाग सर्वांत जिवंत आहे. अणदूरच्या परिसरात असं साहित्य घरोघर पडून आहे.

कुणी म्हणेल, कमी शिकलेल्या बाईच्या हातून पुस्तक कसं होणार? मराठी आत्मकथनाचा इतिहास नेमकं उलट सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि आजही मराठी गद्याचा विचार त्याच्याशिवाय पुरा होत नाही. विद्वान, वक्ते, समाजसुधारक यांची त्या काळची किती चरित्रं आज कुणी उघडतं? लक्ष्मीबाई टिकल्या, कारण त्या बोलल्यासारखं लिहितात आणि स्वतःला मोठं करायची त्यांना गरज वाटत नाही.

गेल्या पन्नास वर्षांतला हिशेब मांडला तर हे आणखी ठळक होतं. अणदूर मध्यभागी धरून नकाशावर सोलापूर आणि लातूर जिल्हे पाहा. शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे शरणकुमार लिंबाळे यांचं गाव, ‘अक्करमाशी’ १९८४ चं. लातूरजवळचं धनेगाव लक्ष्मण गायकवाडांचं. ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे, ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ १९८६. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे, ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४. मराठवाड्याची बोली न लाजता छापून आणणारे प्र. ई. सोनकांबळे, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९. पाऊस कमी, जमीन हलकी आणि जात कडक, अशा या पट्ट्यानं मराठीला तिची सर्वांत सच्ची आत्मकथनं दिली. यांतल्या बहुतेकांच्या घरात आधीच्या पिढीला पाटी ठाऊक नव्हती.

या पुस्तकांनी काय साधलं, हा प्रश्न रास्त आहे. लक्ष्मण गायकवाडांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचं जगणं आतून सांगितलं. पुढं १९९८ मध्ये महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्यासोबत त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, तेव्हा लोक त्यांचं ऐकत होते, कारण त्यांच्यामागं पुस्तक होतं. लिंबाळ्यांनी बापाचं नाव विचारणाऱ्या शाळेला आणि समाजाला जो प्रश्न टाकला, तो कुठल्याही समितीच्या अहवालात इतक्या धारदारपणे आलेला नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’नं काढलं, आणि पुढच्या दहाएक वर्षांत एकामागून एक माणसं लिहिती झाली. आपल्या घरातलं, आपल्या भाषेतलं छापलं जाऊ शकतं, हे दया पवारांनी दाखवून दिलं होतं.

याची किंमतही मोजावी लागते, हे लपवू नये. आपलं आयुष्य एकट्याचं नसतं. त्यात आई असते, बहिणी असतात, आणि त्यांनी लिहायची परवानगी दिलेली नसते. किशोर काळ्यांच्या पुस्तकानं त्यांच्याच समाजातले कितीतरी दुखावले. माझ्या मते तरीही ते पुस्तक यायलाच हवं होतं. पण लिहिणाऱ्यानं रात्र रात्र हा विचार केला पाहिजे की कुणाचं झाकलेलं आपण उघडं करतो आहोत आणि कशासाठी.

याच प्रवाहात पुढं साचा तयार झाला, हेही स्पष्ट सांगायला हवं. नव्वदनंतर आलेल्या अनेक आत्मकथनांत आधीच्या पुस्तकांतले प्रसंग क्रम बदलून भेटतात. शेवटी नोकरी लागते आणि पुस्तक संपतं. स्वतःच्या घरातल्या बाईशी आपण कसे वागलो, हा प्रश्न पुरुषांच्या पुस्तकांत क्वचित येतो. तो बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार यांनी विचारला. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ चं आहे. त्यानंतर त्या ताकदीचं किती आलं, हे मोजायला फार वेळ लागत नाही.

हे का आटलं? माझं उत्तर असं आहे की लिहिणाऱ्यांची उणीव नाही, लिहून घेणारे नाहीसे झाले. थोडं मागं वळून पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीतून जिवंत परतले आणि पंचवीसेक वर्षं गप्प राहिले. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून ‘माझा प्रवास’ लिहिला गेला. हंसा वाडकर बोलल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं, ‘माणूस’नं छापलं, म्हणून ‘सांगत्ये ऐका’ आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून वह्या भरत होत्या. त्याच गावी राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी भरीस घातलं आणि ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात आणि मग पुस्तकात आलं. शांताबाई कांबळे यांचं लेखन ‘पूर्वा’त क्रमशः आलं होतं. प्रत्येक मोठ्या पुस्तकामागं एक ऐकणारा माणूस आणि बहुतेकदा एक नियतकालिक उभं आहे. त्यांतली बहुतेक नियतकालिकं आज बंद पडली आहेत. दिवाळी अंक उरले आहेत, पण त्यांना ठरलेल्या शब्दांत ठरलेल्या तारखेला लेख हवा असतो. एखाद्या बाईच्या ओसरीवर महिनोन्‌महिने बसायला आज कुणाला उसंत आहे?

आज ‘शब्दांकन’ हा व्यवसाय झाला आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण पैसे देणाऱ्याचं तेवढं लिहून दिलं जातं, आणि ते देणाऱ्याला आवडेल असं. चांगला लिहून घेणारा अडवतो, विचारतो, ‘ताई, त्या दिवशी तुम्ही घरी का गेला नाहीत?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तो सांगणाऱ्याचा शब्द बदलत नाही. गोडसे भटजींचं पुस्तक १९०७ मध्ये छापताना वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता छापली, तेव्हा कुठं भटजींचा खरा आवाज वाचकांना ऐकू आला. हस्तलिखित जपलं गेलं होतं म्हणून हे होऊ शकलं. मोबाइलवर नोंदवलेला आवाज जपून ठेवणं हे आजच्या लिहून घेणाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे.

ऐकण्याची ही साधना मोठ्या प्रमाणावर करून दाखवणारी माणसं महाराष्ट्रात झाली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि गाणाऱ्या बायकांच्या नाव-गावासह त्या नोंदवल्या. त्या ओव्यांत सासुरवास आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपलं आत्मचरित्र गाऊन ठेवलं होतं. आता जाती थांबली आहेत, आणि ती पिढी थकली आहे.

छापणं हा भाग आता तितका अवघड नाही. जिल्ह्याच्या गावीही तीनशे-पाचशे प्रती काढता येतात, आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो, शासनमान्य ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यात आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांत द्यायची असते. म्हणजे अणदूरच्या एखाद्या भारतवैद्य बाईचं नाव, तिच्या गावचं नाव आणि तिनं वाचवलेल्या बाळंतिणीची हकिकत देशाच्या कायमच्या संग्रहात जाऊन बसते. सातबाऱ्यावर जिचं नाव कधी चढलं नाही, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी स्वतः ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन लिहिलं आहे. तीन दिवस जिल्हा पुस्तकांनी भरून गेला. संमेलनाचा उत्साह ओसरतो, हे समजण्यासारखं आहे. पण त्यातून जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागानं वर्षाला एका माणसाची गोष्ट लिहून घ्यायची, एवढा एक नेम जरी निघाला असता, तरी आतापर्यंत एक कपाट भरलं असतं.

तो नेम आजही धरता येईल. अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या भागातल्या शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि मराठी घेऊन पदवी घेणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: तुमच्या गल्लीत साठी-सत्तरी ओलांडलेली भारतवैद्य असेल, भूकंपात घर गमावलेला शेतकरी असेल, रझाकारांचा काळ बालपणी पाहिलेली आजी असेल. त्यांच्याकडे जा. त्यांना वेळ द्या, त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा, त्यांना वाचून दाखवा, आणि छापताना मुखपृष्ठावर पहिलं नाव त्यांचं घाला. हे काम या दिवाळीनंतर सुरू करा. त्यातल्या काही माणसांकडे पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ नाही.