दशमान उपसर्गांची संगणकीय व्याख्या : एक चिकित्सा

प्रस्तुत टिपणात सी++ या संगणकभाषेच्या प्रमाण लायब्ररीतील दशमान उपसर्गांच्या व्याख्येची चिकित्सा केली आहे. २०११ च्या प्रमाणकात ‘रेशो’ या हेडर फाईलमध्ये किलो म्हणजे १०००/१ व मिली म्हणजे १/१००० अशी पूर्णांकांच्या गुणोत्तराने व्याख्या करण्यात आली. द्विमान पद्धतीच्या अपूर्णांकात ०.००१ ही किंमत अचूक साठविता येत नाही. गुणोत्तरामुळे हा दोष टळतो, हे या रचनेचे निर्विवाद यश होय.

तथापि येथे अंश व छेद पूर्ण विस्ताराने मांडावे लागतात. ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची मर्यादा सुमारे ९.२२ गुणिले १० चा १८ वा घात इतकी आहे. त्यामुळे एक्सा (१८ वा घात) सामावतो, झेटा (२१ वा) व योटा (२४ वा) सामावत नाहीत. पूर्णांक पुरेसा मोठा असेल तरच ही नावे उपलब्ध होतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलेल्या रोना व क्वेटा यांनाही सी++२६ मध्ये हीच अट आहे.

मापनाचा उपसर्ग असा यंत्रसापेक्ष ठरणे हे एकक पद्धतीच्या सार्वत्रिकतेशी विसंगत आहे. याउलट ‘बूस्ट युनिट्स’ ही लायब्ररी १० या पायाचा केवळ घातांक नोंदविते. तेथे योटासाठी २४ एवढी नोंद पुरते. व्याख्येच्या पातळीवर अचूकता व व्याप्ती दोन्ही साधणारी हीच पद्धती प्रमाण लायब्ररीने स्वीकारणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.