खाऱ्या पाण्याच्या गावातून लू यू वाचताना

चहावरचं सगळ्यात जुनं नावाजलेलं पुस्तक म्हणजे ‘छा चिंग’. आठव्या शतकात चीनच्या लू यूने ते लिहिलं. दहा छोटी प्रकरणं. मी त्याचा इंग्रजी अनुवाद मोबाइलवर वाचला, अकोल्यात, अद्रकवाली चाय पीत. आणि लू यू म्हणतो, आलं, कांदा, पुदिना घालून उकळलेला चहा म्हणजे गटारात फेकलेलं पाणी! चिमूटभर मीठ मात्र त्याला चालतं.

मग तो पाण्याची प्रतवारी लावतो: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. इथे पुस्तक खटकलं. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलाय. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं. तिथल्या माणसाने निवडायचं कशातून? चवीचे नियम बहुतेकदा निवड परवडणाऱ्यांसाठीच लिहिले जातात.

पण तिथेच तो सांगतो, विहिरीचं घ्यायचंच तर जिथे पुष्कळ लोक पाणी भरतात, तिथलं घ्या. उपसा असलेल्या विहिरीचं पाणी ताजं राहतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. या एका वाक्यासाठी पुस्तक वाचाच. अद्रक मात्र मी सोडणार नाही.