लंडन येथील राष्ट्रीय व्यक्तिचित्रालय : तीन उद्घाटनें व एक प्रश्न

लंडन येथील नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, म्हणजे राष्ट्रीय व्यक्तिचित्रालय, सुमारें तीन वर्षें बंद राहून ता. २२ जून २०२३ रोजीं पुन्हां लोकांस खुलें झालें. नव्या मांडणीचें, उजेडाचें व नव्या दाराचें कौतुक पुष्कळ झालें, आणि तें अस्थानीं नव्हतें. परंतु इतिहाससंशोधकास ह्या संस्थेकडे निराळ्या दृष्टीनें पाहणें प्राप्त आहे. आमच्या मतें तसबिरींचा संग्रह हें एक दफ्तरच होय. फरक इतकाच कीं, तेथील पुरावा शाईचा नसून रंगाचा असतो. दफ्तराची परीक्षा कपाटांवरून होत नाहीं. त्यांतील अस्सल कोणतें, नक्कल कोणती व निव्वळ कल्पित कोणतें, हें तें किती स्पष्टपणें सांगतें ह्यावरून होते. हीच कसोटी आम्ही येथें लावूं इच्छितों.

संस्थेचा पाया इतिहासकारांनींच घातला, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. अर्ल स्टॅनहोप हे स्वतः इतिहासलेखक. त्यांनीं आपली सूचना १८४६ सालीं प्रथम मांडली. ती फळास आली ता. ४ मार्च १८५६ रोजीं उमरावांच्या सभेंत केलेल्या भाषणानंतर. पार्लमेंटनें दोन हजार पौंड मंजूर केले, व त्याच वर्षीं ता. २ डिसेंबर रोजीं संस्था अस्तित्वांत आली. मेकॉले पहिल्या विश्वस्तांपैकीं होता व कार्लाइल त्यास लवकरच येऊन मिळाला. ह्या मंडळींनीं आरंभींच ठरविलेले नियम मोठे मार्मिक आहेत. चित्रकाराच्या कौशल्यापेक्षां चित्रित व्यक्तीच्या ख्यातीकडे पाहावें. व्यक्तीचे दोष सर्वमान्य असले तरी तेवढ्यावरून तिची तसबीर नाकारूं नये. राजघराण्यांतील गादीवरील जोडप्याखेरीज हयात व्यक्तीस जागा देऊं नये, व मृत्यूस दहा वर्षें लोटलेलीं असावीं. हजर विश्वस्तांपैकीं तीनचतुर्थांशांची संमति असावी. ह्यांपैकीं हयात व्यक्तींविषयींचा निर्बंध १९६९ सालीं सुटला. परंतु दोषांविषयींचा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पुरावा जमविणारानें न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व त्यांत आहे.

पहिलें उद्घाटन ता. १५ जानेवारी १८५९ रोजीं, ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील २९ क्रमांकाच्या घरांत झालें. संग्रहांत त्या वेळीं अवघ्या ५७ वस्तु होत्या. त्यांत पहिल्या क्रमांकानें नोंदलेली तसबीर शेक्सपियरची. तिच्या पूर्वीच्या मालकावरून ती ‘चँडॉस तसबीर’ म्हणून ओळखली जाते. लॉर्ड एल्समियर ह्यांनीं १८४८ सालच्या लिलावांत ती ३५५ गिनींस घेतली व संस्थेस नजर केली. आतां पाहा: जें घर अस्सल मुद्रा जतन करण्यासाठीं उभारलें, त्याची पहिली वीटच वादग्रस्त! ह्या तसबिरीवर नांव नाहीं. ती शेक्सपियर समोर बसवून काढली असें सांगणारा समकालीन कागद नाहीं. जॉन टेलर नांवाच्या चित्रकाराकडे तिचें कर्तृत्व जातें तेंही परंपरेनें. संस्थेनें २००६ सालीं सर्व दावेदार तसबिरी एकत्र मांडून त्यांची शास्त्रीय छाननी केली. तींत हीच अधिक संभवनीय ठरली. संभवनीय, सिद्ध नव्हे. आपल्याच पहिल्या ठेव्याची अशी जाहीर तपासणी करणें हें आम्ही संस्थेच्या श्रेयाचें समजतों.

ख्यातीस कौशल्यावर वरचढ मानण्याच्या नियमाचें फळ पाहावयाचें असेल, तर कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन हिचें चिमुकलें रेखाटन पाहावें. तें तिच्या बहिणीनें, कॅसांड्रानें, १८१० च्या सुमारास काढलें. संस्थेनें १९४८ सालीं विकत घेतलें. कलेच्या दृष्टीनें तें कच्चें आहे. परंतु काढणारी घरांतली, पाहिलेलें प्रत्यक्ष, आणि चेहऱ्याचें दुसरें इतकें विश्वसनीय साधन नाहीं. निष्णात चित्रकारानें ऐकीव माहितीवरून रंगविलेल्या भव्य पटापेक्षां हा कागदाचा तुकडा इतिहासास अधिक उपकारक आहे.

दुसरें उद्घाटन ता. ४ एप्रिल १८९६ रोजीं, सेंट मार्टिन्स प्लेस येथील सध्यांच्या इमारतींत झालें. मधल्या काळांत संग्रहास साउथ केन्सिंग्टन व बेथ्नल ग्रीन येथें बिऱ्हाडें करावीं लागलीं. अखेर विल्यम हेन्री अलेक्झांडर ह्या गृहस्थाच्या औदार्यानें कायमचें घर मिळालें. हें घर पुरें झालेलें पाहण्यास वास्तुशिल्पी यूअन क्रिश्चन उरला नाहीं, आणि १८५७ पासून संस्थेची धुरा वाहिलेला जॉर्ज शार्फही उरला नाहीं. दोघेही १८९५ सालीं वारले. शार्फचें खरें स्मारक इमारत नव्हे, त्याच्या टिपणवह्या होत. जी तसबीर पाहावी तिचें जागच्या जागीं रेखाटन करावें, मापें घ्यावीं, डोळ्यांचा व केसांचा रंग लिहावा, मागील लेख उतरून घ्यावा, असा त्याचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आमच्या संशोधकांनीं गांवोगांव हिंडून रुमाल सोडले व यादी केल्या; शार्फनें तेंच काम भिंतींवर केलें.

ह्या पद्धतीचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९६५ सालीं संस्थेनें एका राजस्त्रीची पूर्णाकृति तसबीर लेडी जेन ग्रे हिची म्हणून घेतली. १९९६ सालीं त्या स्त्रीच्या अंगावरील मुकुटाकृति पदकाचा मेळ दागिन्यांच्या जुन्या याद्यांशीं घातला गेला. ते दागिने आठव्या हेन्रीची शेवटची राणी कॅथरिन पार हिचे निघाले. तसबिरीखालील नांव बदललें. चेहऱ्यानें जें सांगितलें नाहीं तें जामदारखान्याच्या यादीनें सांगितलें! कागद व चित्र परस्परांचे साक्षी आहेत, हें ह्याहून चांगलें कोणतें प्रकरण दाखवील?

तिसऱ्या उद्घाटनाकडे वळतांना मात्र प्रश्न अवघड होतो. जुन्या इमारतीच्या बाह्यांगावर कोरलेले अर्धपुतळे सारे पुरुषांचे. नव्या दारांवर ट्रेसी एमिन हिनें ४५ स्त्रीमुद्रा ब्राँझमध्यें घडविल्या आहेत. परंतु त्या नामांकित अशा कोणा स्त्रियांच्या तसबिरी नव्हेत, समस्त स्त्रीजातीच्या प्रतिनिधि आहेत. भरपाईची भावना योग्य आहे. तरीही पुराव्याच्या घराचें दार कल्पित मुद्रांचें असावें, ह्यांत आम्हांस एक कबुली दिसते: ज्यांच्या तसबिरी कोणी काढल्याच नाहींत, त्यांस संग्रहांत आणण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाहीं.

ह्याच संदर्भांत दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. पहिलें, जोशुआ रेनॉल्ड्सनें १७७६ च्या सुमारास काढलेलें माइ ह्या पुरुषाचें. हा पॅसिफिक महासागरांतील रायआटेआ बेटाचा. १७७४ सालीं इंग्लंडांत आला व कुकच्या जहाजांतून परतला. २०२३ सालीं हें चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेशीं भागीनें पांच कोटी पौंडांस घेण्यांत आलें. पवित्रा ग्रीक-रोमन पुतळ्याचा असला, तरी मुद्रा प्रत्यक्ष पाहून उतरविलेली व हातांवरील गोंदण खरें. दुसरें चित्र फ्रान्सिस हेमनचें: प्लासीच्या लढाईनंतर क्लाइव्ह व मीर जाफर ह्यांची भेट. हेमन हिंदुस्थानांत कधीं आलाच नाहीं. त्यानें मीर जाफर पाहिला नव्हता. क्लाइव्हची मुद्रा पुरावा, आणि त्याच चौकटींत समोर उभा असलेला नबाब केवळ कल्पना! क्लाइव्हचे दोष पाहून चित्र नाकारूं नये, हें नियमास धरूनच आहे. पण दोन मुद्रांच्या प्रामाण्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें प्रेक्षकास चित्राशेजारींच कळलें पाहिजे. ‘राष्ट्रीय’ संग्रहांत परक्यांच्या मुद्रा घेतल्यानें औदार्य दिसतें. त्यांचें प्रामाण्य आपल्या लोकांइतक्याच कांटेकोरपणें तपासल्यानें न्याय होतो.

हें सर्व आम्ही दूरच्या देशाची उणीव काढण्यासाठीं लिहिलें नाहीं. शिवछत्रपतींचें म्हणून घरोघर लागलेलें एक चित्र वस्तुतः भलत्याच पुरुषाचें होतें, हें श्री. वा. सी. बेंद्रे ह्यांनीं दाखवून देईपर्यंत आम्ही सर्वांनीं तें निःशंक पुजलें. उलट सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांची जेम्स वेल्स ह्यानें पुणें दरबारीं येऊन काढलेली तसबीर प्रत्यक्षदर्शनाचा पुरावा आहे, आणि ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. ज्यास आपण पुजलें तें चुकीचें, व जें खरें तें परमुलखांत, अशी ही स्थिति.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. लंडनच्या चित्रालयाचें थोरपण त्याच्या तिन्ही दारांत नसून, पुरावा पुढें येतांच तसबिरीखालची ओळ खोडण्याच्या तयारींत आहे; आणि जेथें ती तयारी अपुरी पडते तेथेंच त्याची उणीव आहे. महाराष्ट्रांत असें दालन व्हावें अशी इच्छा बाळगणारांनीं प्रथम आपल्या वाड्यांतील, देवळांतील व संस्थांतील तसबिरींची मापांसह, लेखांसह व मालकीच्या परंपरेसह यादी करावी. प्रत्येकीपुढें अस्सल, नक्कल, कल्पित ह्यांपैकीं एक शब्द लिहावा. तीन शब्दांनीं काम भागत नसेल तेथें जागा कोरी सोडावी. ती यादी पुरी झाली, म्हणजे दालनाच्या उद्घाटनास पाहुणा कोण बोलवावा ह्याचा विचार करण्यास हरकत नाहीं.