‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ : दोषांसकट माणसे स्वीकारणारा विनोद

मराठी विभागांतून नाटकाची व चित्रपटाची चिकित्सा होते. दूरचित्रवाणी मालिका मात्र घरी जेवताना पाहण्याची बाब म्हणून दुर्लक्षित राहते. वास्तविक खंडाळ्यासारख्या तालुक्यातील घरांत नाट्यप्रयोगापेक्षा मालिकाच अधिक पोहोचलेली आहे. प्रस्तुत लेखात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतील विनोदाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका अल्फा टीव्ही मराठी, म्हणजे आजच्या झी मराठी, या वाहिनीवर 2001 साली सुरू झाली. आबा (प्रभावळकर), मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले) आणि नातवंडे शिऱ्या (विकास कदम) व शलाका (रेश्मा नाईक) असे हे पाच जणांचे कुटुंब. पन्नाशीच्या उत्तरार्धातील प्रभावळकरांनी त्याहून बऱ्याच मोठ्या वयाचे आबा उभे केले आणि ते करताना वार्धक्याचे केविलवाणे प्रदर्शन कटाक्षाने टाळले.

त्याच सुमारास दैनंदिन मालिकांचा जोर वाढत होता. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ 2000 साली आली. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने पुढे 3,000 हून अधिक भागांचा पल्ला गाठला. अशा मालिकांत स्वभावदोष हे कारस्थानाचे भांडवल असते. दोषी व्यक्तीला शिक्षा होते किंवा तिचे हृदयपरिवर्तन होते. टिपऱ्यांच्या घरी यांपैकी काहीच घडत नाही. शेखरची चिडचिड, श्यामलाचा भाबडेपणा, शिऱ्याचा टवाळपणा, शलाकाचे रुसवे पुढच्या भागात जसेच्या तसे हजर असतात. माणूस सुधारला नाही तरी त्याच्यासाठी ताट वाढले जाते, ही या विनोदाची भूमिका होय.

हे साधते ते दैनंदिनीच्या रूपबंधामुळे. (‘अनुदिनी’ हा शब्द पुढे ‘ब्लॉग’साठी मराठीत वापरला गेला, हा एक गमतीदार योगायोग.) दिवसभर घडलेले आबा रात्री वहीत लिहितात. राग निवळलेला असतो, पण विसर पडलेला नसतो. शिवाय लिहिणारा त्याच घरात राहतो. सकाळी त्याला त्याच माणसांच्या हातचा चहा घ्यायचा असतो. त्यामुळे त्याची थट्टा न्यायनिवाड्यापर्यंत जात नाही. येथे चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची आठवण अपरिहार्य ठरते. चिमणरावही स्वतःच्या फजितीची हकिकत स्वतःच सांगतो आणि मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मध्ये ती भूमिका प्रभावळकरांनीच केली होती. परंतु चिमणरावाला आपण हास्यास्पद आहोत याची पुरती जाणीव नसते. आबांना ती असते. आपली लुडबूड, आपले कुतूहल, नव्या पिढीत मिसळण्याची आपली धडपड यांनाही ते सोडत नाहीत.

तथापि एक प्रश्न उरतो. लेखणी नेहमी आबांच्याच हाती का? श्यामलाने वही लिहिली असती, तर तिच्या भाबडेपणाखाली किती काम दडले आहे, हे कदाचित दिसले असते. घरातील प्रत्येकाच्या वेळापत्रकाला तिचे वेळापत्रक जोडलेले आहे, आणि हसू मात्र बहुधा तिच्या अज्ञानावर येते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यात आहे. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 साली प्रसिद्ध झाला. या परिसरात शिकवणाऱ्याला ‘लिहितो कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. आबांची सहृदयता खरी आहे, पण ती घरातील ज्येष्ठ पुरुषाची सहृदयता आहे, एवढी नोंद समीक्षेने करावयास हवी.

या आक्षेपामुळे प्रस्तुत लेखकाचा आनंद कमी झाला असे मात्र नाही. लहानपणी आजोबांशेजारी बसून ही मालिका पाहताना शिऱ्याच्या शेऱ्यांवर हसू येई. आता पुन्हा पाहताना लक्ष शुभांगी गोखले यांच्याकडे जाते. इतरांचे बोलणे संपेपर्यंत श्यामला जी क्षणभर थांबते, त्या थांबण्यात भाबडेपणापेक्षा अधिक काही आहे. आबांच्या वहीत न मावणारे बरेचसे अभिनेत्रीने तेथे ठेवले आहे.