तबकडीची दुसरी बाजू

एखाद्या गाजलेल्या गाण्याचा वारसा सांगताना आपण खप, पुरस्कार आणि अनुकरणे मोजतो. १९६९ साली अमेरिकेत निघालेल्या एका तबकडीपुढे हा हिशेब अपुरा पडतो.

वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या फंक आणि सोल वाजवणाऱ्या बँडची ही तबकडी. पहिल्या बाजूला ‘कलर हिम फादर’. घरासाठी राबणाऱ्या माणसाचे एक मुलगा कौतुक करतो. शेवटाकडे कळते, की सख्खे वडील युद्धात गेले, हे सावत्र आहेत. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू असतानाचे हे गाणे बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ते लिहिणाऱ्या रिचर्ड स्पेन्सर यांना ग्रॅमी मिळाले.

दुसऱ्या बाजूला काहीतरी हवे म्हणून ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यरचना घेतली गेली. ती लांबीला कमी पडत होती, म्हणून मध्ये ड्रमवादक ग्रेगरी कोलमन यांनी एकट्याने चार आवर्तने वाजवली. जेमतेम सात सेकंद. पहिली दोन सरळ आहेत. तिसऱ्यात एक आघात किंचित उशिरा पडतो. चौथ्यात तर सम रिकामीच राहते आणि झांजेचा मोठा आघात अपेक्षेआधी येतो. मला या ठेक्याचे मर्म इथे दिसते. तो पुन्हा पुन्हा वाजवला तरी कान स्थिरावत नाही आणि तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात चाल उरते.

१९८६ साली ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या संकलनात ही रचना आली आणि सॅम्पलर हाताळणाऱ्यांना ठेका आयता मिळाला. १९८८ मध्ये ‘एन.डब्ल्यू.ए.’ने ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये तो वापरला. पुढे ब्रिटनमधील तरुणांनी त्याची लय वाढवली, त्याला कापले, उलटसुलट जोडले. जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार त्यावर उभे राहिले. आज हा ठेका हजारो ध्वनिमुद्रणांत आहे.

कोलमन यांना यातले काही मिळाले नाही. २००६ साली अटलांटात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते बेघर होते. हक्क स्पेन्सर यांच्याकडे होते. पण या वापराची खबर त्यांना १९९६ च्या सुमारास लागली, तोवर दाव्याची मुदत उलटली होती. २०१५ साली ब्रिटनमध्ये लोकवर्गणी निघाली आणि त्यांच्या हाती २४ हजार पौंड आले.

याला निव्वळ चोरी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. प्रत्येक तुकड्याला परवानगी लागली असती, तर बिनपैशाच्या पोरांनी घडवलेले ते संगीत जन्मालाच आले नसते. त्यांनी हा ठेका वाढवला, हेही खरेच. पण ‘वाढवणाऱ्याचा हक्क’ सांगताना तबकडी पुन्हा उलटून पाहावी. पहिल्या बाजूचा मुलगा सावत्र बापाला बाप म्हणतो, मात्र गेलेल्या बापाला लपवत नाही. दोघांनाही त्याच्या गाण्यात जागा आहे. कोलमन यांच्या ठेक्यावर वाढलेल्या संगीताने एवढे तरी शिकायला हवे होते.