पांढरा म्हणजे पवित्रच का?

रोझेटीचं ‘एक्के आंकिल्ला डोमिनी’ (१८४९–५०) बघा. देवदूत येशूच्या जन्माची वार्ता घेऊन आलाय, आणि मरिया बिछान्यावर अंग चोरून भिंतीला टेकलीय. झगे, भिंत, बिछाना, जवळपास सगळं पांढरं. टिपणात ‘पांढरा = पावित्र्य’ लिहून मोकळं होऊ नका; इथे त्या पांढऱ्याने पोरीला लपायला जागाच ठेवली नाही. (आमच्या सोनगीरला पांढरं लुगडं दिसलं की म्हाताऱ्यांना आधी वैधव्य आठवतं. आपला डोळाही कोरा नसतो!) म्हणूनच पुण्यात राहून मरियेला साडी नेसवणारे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) सोबत अभ्यासावेत. रोझेटीकडे ठसठशीत लाल एकच: कशिद्याची उभी पट्टी. आदल्या चित्रात मरिया तीच भरत बसली होती; आता ती पुरी झालीय.